गॅस संपत नसतो

जळगावचा मे महिना, सकाळचे साडेदहा. अजिंठा रस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी गाडी घेऊन उभा होतो. दुपारी लग्नाला भुसावळला पोहोचायचं होतं, मागच्या सीटवर आई होती आणि एसीच्या जाळीतून येणारा वारा बाहेरच्या वाऱ्याइतकाच गरम होता. मी मिस्त्रींना सांगितलं, "गॅस संपलाय, भरून द्या." सलग तिसऱ्या उन्हाळ्यात मी हे वाक्य बोलत होतो. आधीच्या दोन वर्षी दुसरीकडे गॅस भरून घेतला होता. दोन्ही वेळा पंधरा-वीस मिनिटांत काम झालं, गाडी थंडगार झाली आणि दिवाळी उलटेपर्यंत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मिस्त्रींनी सिलिंडरला हात लावला नाही. बॉनेट उघडून त्यांनी मला एकच विचारलं, "भाऊ, मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न मी आधीच विचारला असता तर दोन वर्षांचे पैसे आणि आईचे हाल वाचले असते.

पेट्रोल जळून जातं. इंजिन ऑइल काळं पडतं, ब्रेकचे पॅड झिजतात, वायपरचं रबर कडक होतं. गाडीतल्या बहुतेक गोष्टी वापराने खर्च होतात, म्हणून एसीचा गॅसही खर्च होत असणार असं आपण धरून चालतो. तो खर्च होत नाही. कारखान्यात भरलेले चार-पाचशे ग्रॅम बंद नळ्यांच्या फेऱ्यात फिरत राहतात, तेच ते, वर्षानुवर्षं. रबरी पाइप आणि सीलमधून वर्षाकाठी थोडे ग्रॅम झिरपतात खरे, पण त्याचा परिणाम जाणवायला बराच काळ जावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात गार होणारी गाडी या उन्हाळ्यात होत नसेल, तर एक तर गॅस कुठून तरी गळतोय, नाहीतर तो जागच्या जागी आहे आणि दोष भलतीकडेच आहे. दोन्ही वेळा नुसता गॅस भरून भागत नाही. पहिल्या वेळी आपण फुटक्या घागरीत पाणी ओततो, दुसऱ्या वेळी भरलेल्या.

हे पटायला आधी एसी करतो काय, ते बघू.

गारवा कसा मिळवायचा हे आपल्याकडे माठाने केव्हाच दाखवून दिलंय. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि उडताना ती वाफ माठातली उष्णता घेऊन जाते. वाळ्याचे पडदे आणि खानदेश-विदर्भात घरोघरी लागणारे कूलर हेच करतात. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर जो थंड स्पर्श होतो तोही यातलाच. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो शेजारी जे असेल त्यातून ओढून घेतो. एसीने यात एवढीच भर घातली, की उडालेली वाफ हवेत न सोडता पकडायची, दाबून तिचा पुन्हा द्रव करायचा आणि परत उडवायची.

त्यासाठी पाणी चालत नाही, फार कमी तापमानाला उकळणारं काहीतरी लागतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते, तिच्यात त्याचा दाब साधारण ३० पीएसआय राखलेला असतो आणि त्या दाबाला तो १ अंशाच्या आसपास उकळतो. त्याच्या दृष्टीने केबिनमधली चाळीस अंशांची हवा म्हणजे पेटलेली चूल. ब्लोअर ती हवा कॉइलवरून ढकलतो, आतला द्रव उकळतो, हवा गार होऊन आपल्या तोंडावर येते.

आता ही उचललेली उष्णता गाडीबाहेर टाकायची. पण बाहेर तर ४३ अंश! मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, दोन-अडीचशे पीएसआयपर्यंत. दाब वाढला की उकळण्याचं तापमानही वर सरकतं. २०० पीएसआयला हाच पदार्थ ५५ अंशांना द्रव होतो, २५० च्या सुमाराला ६३-६४ अंशांना. साठीच्या घरात तापलेल्या नळीला ४३ अंशांचा वारा थंडच वाटणार. रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या अगदी नाकाशी जो कंडेन्सर असतो, त्यात ही देवाणघेवाण होते. तिथे द्रव झालेला गॅस ड्रायरमधून जातो, तिथे त्यातला ओलावा शोषला जातो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून तो पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये फवारला जातो. दाब एकदम पडतो, आणि उकळणं पुन्हा सुरू.

थोडक्यात, एसी थंडी बनवत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. मग तो बिघडला की विचारायचं काय? उष्णता आतून उचलली जातेय का? बाहेर टाकली जातेय का? आणि दोन्ही नीट होत असेल, तर गार झालेली हवा माझ्यापर्यंत पोहोचतेय का? माझ्या मते गॅस किती आहे हा प्रश्न यानंतरचा.

मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून एसी पूर्ण सोडायला सांगितला आणि इंजिनाच्या मागच्या भिंतीतून केबिनमध्ये जाणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या दाखवल्या. एक जाड, एक बारीक. "दोन्हीला हात लावून बघा. कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या नळीला मात्र लावू नका, चटका बसेल." जाड नळी कॉइलमधून परत येणारी. एसी ठीक असेल तर ती बर्फाच्या पाण्याने भरलेल्या तांब्यासारखी गार लागते आणि दमट हवेत तिच्यावर थेंबही धरतात. बारीक नळी कंडेन्सरकडून येणारी, ती चांगली गरम लागायला हवी. दोघींमधला फरक जेवढा ठळक, तेवढी तब्येत ठीक. माझ्या गाडीत जाड नळी जेमतेम गार होती आणि बारीक नळी कोमट. उष्णता उचलली जातेय, पण थोडीच. टाकली जातेय, तीही थोडीच. ही तपासणी कुणालाही करता येते, पैसे पडत नाहीत. बाही, ओढणी, मंगळसूत्र मात्र सांभाळा. रेडिएटरचा पंखा कधीही अचानक फिरू लागतो.

मग गेज लागले, निळा कमी दाबाच्या बाजूला आणि लाल जास्त दाबाच्या. या गेजच्या तबकडीवर दाबाच्या आकड्यांबरोबर आतल्या वर्तुळात तापमानाचे आकडे छापलेले असतात. त्या दाबाला गॅस किती अंशांना उकळेल ते त्यावर लगेच वाचता येतं. निळा काटा १५ वर होता, लाल १२० च्या आसपास. अशा उन्हात लाल काटा याच्या दुप्पट असायला हवा. दोन्ही काटे खाली, म्हणजे गॅस कमी. माझा अंदाज बरोबर होता म्हणायचा, पण तो होता अर्धवट. गॅस कमी होता, संपला नव्हता, आणि तो कमी का झाला हे अजून कळायचंच होतं.

काट्यांची भाषा एकदा कानाला लागली की बरंच काही सांगून जाते. दोन्ही काटे वर चढले असतील तर गॅस जास्त भरला गेलाय, किंवा कंडेन्सर मळलाय, किंवा त्याचा पंखा फिरत नाही. निळा वर आणि लाल खाली, एकमेकांकडे सरकलेले, तर कॉम्प्रेसर थकलाय. निळा काटा शून्याच्याही खाली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबलाय. यातला एक प्रकार फार फसवा असतो. गाडी अर्धा तास छान गार होते, मग एकदम गरम हवा येते, थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा गार. आत शिरलेला ओलावा व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो, वाट अडवतो आणि वितळला की वाट सोडतो. अशा गाडीत कितीही गॅस भरला तरी काही होणार नाही.

बंद गाडीला गेज लावून "गॅस बरोबर आहे" असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचंच बघा. शेगडीची आच शेवटच्या दिवसापर्यंत तशीच असते, म्हणून सिलिंडर किती भरलाय ते बघायला आपण तो उचलून किंवा तोलून बघतो. गाडीतला गॅस नेमका किती आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच. मशीनने तो सगळा बाहेर काढायचा आणि काट्यावर तोलायचा. किती असायला हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं.

पण गेजपर्यंत जाण्याआधीच अर्धे दोष आपले आपल्याला सापडतात. त्यासाठी गाडी कधी गार होत नाही, याकडे नीट लक्ष द्यायचं.

हायवेला धावताना छान गार, सिग्नलला थांबलं की गरम? मग दोष बहुतेकदा कंडेन्सरच्या पंख्यात असतो. धावत्या गाडीत वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो; थांबलेल्या गाडीत ते काम पंख्याने करायचं असतं. बॉनेट उघडा, एसी लावा, पंखा फिरतोय का बघा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. इथे गॅस भरणं नुसतं निरुपयोगी नाही, घातकही आहे. उष्णता बाहेर पडत नाही म्हणून दाब आधीच चढलेला असतो, त्यात आणखी भर घातली की कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो. शेवटी दाबाचा स्विच तो बंद पाडतो.

कंडेन्सर मळतो हेही आपण विसरतो. कपाशीच्या भागात हंगामात तंतू, रात्रीच्या प्रवासात किडे, एरवी धूळ, सगळं त्या बारीक पात्यांमध्ये जाऊन बसतं. साध्या नळीने, हलक्या पाण्याने, शक्य तर इंजिनाच्या बाजूने पुढे धुवायचा. सर्व्हिस सेंटरमधला जोराचा फवारा थेट मारला तर पाती वाकून बसतात आणि धुण्याआधीपेक्षा हाल वाईट होतात. घाट चढताना गाडी तापते आणि एसी मध्येच बंद पडतो, ही तक्रार तर एसीची नसतेच मुळी. इंजिनाचं तापमान हद्दीबाहेर चाललंय असं दिसलं की संगणक स्वतःहून कॉम्प्रेसर सोडवतो. तिथे रेडिएटर तपासायचा.

ब्लोअर घुमतोय पण वारा येत नाही, ही वेगळी तऱ्हा. आधी डॅशबोर्डच्या खणामागचा केबिन फिल्टर काढून उजेडाकडे धरा. मी पाहिलेल्यांपैकी निम्म्या फिल्टरांतून उजेड आरपार येत नव्हता. काहींत वाळलेली पानं होती, एकात उंदराने केलेलं कापसाचं घरटं. चार-पाचशे रुपयांचा फिल्टर बदलून सुटणाऱ्या तक्रारीसाठी लोक हजारो रुपये घालवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. फिल्टर स्वच्छ असेल आणि तासाभराच्या प्रवासानंतरच वारा मंदावत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर चुकीचं सांगतो, कॉम्प्रेसर वेळेवर सुटत नाही आणि कॉइलवर साचलेलं पाणी गोठून पात्यांमधली वाट बंद होते. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला की पंधरा-वीस मिनिटांत वारा परत येतो आणि गाडीखाली भरपूर पाणी पडतं. एवढं दिसलं की निदान झालंच. आणि ब्लोअर पहिल्या तीन वेगांवर मुका, चौथ्यावर मात्र धो धो? मग रेझिस्टर जळालाय. पहिले तीन वेग त्याच्यातून जातात, शेवटचा थेट मोटरला. नव्या गाड्यांत त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक तुकडा असतो आणि तो महागही असतो. पण चार पायऱ्यांची कळ असलेल्या गाडीत हे निदान घरबसल्या होतं.

कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, पण सतत नाही. त्याच्या तोंडाशी असलेल्या पुलीत विजेने चुंबक होणारा क्लच असतो. एसीचं बटण दाबल्यावर जो 'टक' असा आवाज येतो, तो त्याचा. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा हा क्लच नव्हताच. कॉइल डिकीच्या बाजूला, मागच्या सीटमागे. थंडी नको असेल तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा. आता तेच काम या एका 'टक'मध्ये होतं.

तो आवाज आलाच नाही तर फ्यूज आणि रिले बघायचे. गॅस फारच कमी झाला असेल तर कमी दाबाचा स्विचही क्लचला वीज जाऊ देत नाही. कॉम्प्रेसर जळू नये म्हणून ती सोय आहे. काही मिस्त्री वायर जोडून हा स्विच 'बायपास' करतात. ते करू देऊ नका. कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसबरोबरच फिरत असतं. गॅस नाही म्हणजे वंगण नाही. सकाळी एसी चालतो, दुपारी क्लच लागत नाही, लाकडाने हलकेच ठोकला की लागतो, असं होत असेल तर क्लचच्या दोन तबकड्यांमधली फट झिजून वाढलीय. तापलेल्या चुंबकाची ओढ कमी पडते. बऱ्याचदा मधली एक पातळ चकती काढली की फट पुन्हा बसते आणि नवा कॉम्प्रेसर घ्यावा लागत नाही. अलीकडच्या काही गाड्यांत क्लच नसतो, कॉम्प्रेसर फिरता ठेवून त्याचं काम आतून कमी-जास्त केलं जातं. तिथे 'टक'ची वाट बघू नये.

आता तिसरा प्रश्न. नळ्या गार-गरम ठीक आहेत, काटे जागेवर आहेत, तरी हवा कोमट. डॅशबोर्डच्या पोटात एसीची कॉइल आणि हीटरची कॉइल एकामागे एक बसवलेल्या असतात. हीटरमध्ये इंजिनाचं उकळतं पाणी खेळत असतं, तेही मे महिन्यात. दोघांमध्ये एक झडप असते. तापमानाचा खटका निळ्याकडे फिरवला की ती हीटरचं तोंड झाकते. साध्या गाड्यांत ही झडप तारेने ओढली जाते, तार क्लिपमधून निसटली की झडप अर्धवट उघडी राहते. आपण खटका निळ्याच्या टोकाला नेतो, आत काहीच हलत नाही आणि गार हवेत गरम हवा मिसळत राहते. जाणता मिस्त्री अशा वेळी हीटरला जाणाऱ्या रबरी पाइपला चिमटा लावून पाणी अडवतो. पाच-दहा मिनिटांत हवा गार झाली, तर दोष झडपेचाच. शंभरदा गॅस भरूनही हा दोष जाणार नाही.

महागड्या गाड्यांत तारेऐवजी छोट्या मोटरी असतात. गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डमागून काही क्षण टिक-टिक ऐकू येत असेल, तर अशा मोटरीच्या प्लॅस्टिक गिअरचा दात तुटलाय. ड्रायव्हरच्या बाजूला थंड आणि शेजारी गरम, ही तक्रारही बहुतेकदा हिचीच, जरी गॅस कमी असल्यावरही कधीकधी असं होतं. बॅटरी बदलल्यानंतर या मोटरी आपलं शून्य विसरतात. काही गाड्यांत त्या स्वतःच पुन्हा शिकतात, काहींत स्कॅनर लावून शिकवावं लागतं.

'ऑटो' लावून २४ अंश ठरवलं की गाडी जे काही करते, ते सेन्सरांच्या भरवशावर. केबिनमधल्या हवेचं तापमान बघणारा सेन्सर डॅशबोर्डवरच्या नाण्याएवढ्या जाळीमागे असतो. तिथे धूळ-कापूस साचला की तो खऱ्या हवेऐवजी साचलेली हवा मोजतो. बाहेरचं तापमान बघणारा पुढच्या बंपरमागे. बंपरला धक्का लागून त्याची वायर तुटली तर काही गाड्या बाहेर उणे ४० अंश आहे असं समजतात आणि कॉम्प्रेसर लावतच नाहीत. पडद्यावर बाहेरचं तापमान विचित्र दिसलं की आधी तिकडे बघावं. तिसरा सेन्सर काचेखाली, डॅशबोर्डवर, गडद बटणासारखा दिसतो. तो ऊन मोजतो. त्याच्यावर आपण हमखास गणपती ठेवतो, किंवा मखमली चटई पसरतो. सेन्सरला सावली मिळते, गाडीला वाटतं ऊन नाही आणि आपण भर दुपारी २४ वर घाम पुसत बसतो. मूर्ती चार बोटं सरकवून ठेवावी, एवढंच.

गाडीखाली पडणारं पाणीही बोलतं, पण ते कोणत्या गावात पडतंय त्यावर त्याचा अर्थ ठरतो. रत्नागिरीत किंवा मुंबईत दमट हवेतलं पाणी कॉइलवर धरतं आणि थांबलेल्या गाडीखाली चांगलं थारोळं होतं. तिथे एसीची बरीच ताकद हवा कोरडी करण्यातच जाते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला हवा इतकी कोरडी असते, की ठणठणीत एसीच्या गाडीखालीही जेमतेम थेंब दिसतील. तेव्हा पाणी पडत नाही म्हणून विदर्भात घाबरू नये, आणि कोकणात पाणी पडेनासं होऊन शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला लागला तर मात्र लगेच बघावं. निचऱ्याची नळी तुंबलीय. तारेने किंवा हवेने ती मोकळी होते. वास येतो तोही याच ओलाव्याचा, कॉइलवर धरलेल्या बुरशीचा. सुगंधी डबी लावून तो झाकला जातो, जात नाही. घरी पोहोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल वाळते आणि बुरशीला ठाव मिळत नाही.

आता माझ्या गाडीकडे. गॅस कुठून गेला हे शोधताना मिस्त्रींनी आधी डोळे वापरले. गॅस दिसत नाही, पण त्याच्याबरोबर फिरणारं तेल दिसतं. गळतीच्या जागी तेलाचा ओलसर डाग येतो आणि त्यावर धूळ चिकटते. टॉर्च हातात धरून ते खाली वाकले, कंडेन्सरला जिथे नळी बोल्टने जोडली जाते तिथे बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर काळसर तेलकट माती. खात्री करायला उरलेला गॅस मशीनने काढून घेतला, नळ्यांत नायट्रोजन भरला आणि त्या जोडावर साबणाचं पाणी लावलं. सुरुवातीला काहीच नाही. मग अगदी सावकाश, मोहरीएवढा एक फुगा आला, वाढला, फुटला. त्याच्या मागोमाग दुसरा.

आत बोटाच्या पेरात मावेल एवढी रबराची ओ-रिंग होती. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तिला चीर गेली होती. दोन वर्षांचा गॅस त्या चिरेतून हवेत गेला होता.

तो हवेत जातो याचं मला आता जास्त वाटतं. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ असे. त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि त्याची जागा आर-१३४एने घेतली. हा ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट जबर आहे. म्हणून २०१६ मध्ये रवांडाच्या किगालीत तोही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. माझ्या गाडीत ४२० ग्रॅम गॅस बसतो. तेवढा हवेत सोडणं म्हणजे सुमारे ६०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं, किंवा २६० लिटर पेट्रोल जाळणं. जुना गॅस पिन दाबून फुस्सकन हवेत सोडणाऱ्या ठिकाणी मी आता गाडी नेत नाही.

आणि नवा गॅस कुठला, हेही विचारतो. २०११ मध्ये समुद्रातून माल नेणाऱ्या काही शीतकंटेनरांचे स्फोट झाले, कामगार दगावले. आर-१३४एच्या नावाखाली भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं. ॲल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन हवा लागताच पेट घेणारा पदार्थ तयार होतो. गाडीच्या नळ्याही ॲल्युमिनियमच्याच. सिलिंडरवरचं लेबल बघायला मागणं हा आपला हक्क आहे आणि चांगला मिस्त्री त्याचा राग मानत नाही.

नवी ओ-रिंग एसीच्या तेलात बुडवून बसवली. मग व्हॅक्यूम पंप लावला आणि पाऊण तास तसाच चालू ठेवला. मला वाटलं ही नुसती हवा काढणं आहे. मिस्त्री म्हणाले, "हवा तर दोन मिनिटांत निघते भाऊ. पाणी निघायला वेळ लागतो." इतक्या कमी दाबाला पाणी शेडमधल्या उष्णतेवरच उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. घाईत व्हॅक्यूम मारला तर तोच ओलावा पुढे व्हॉल्व्हशी गोठतो आणि तेलाशी मिळून आम्लही बनवतो. पंप बंद करून दहा मिनिटं काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही. मग गळतीतून गेलं होतं तेवढं तेल, आणि काट्यावर तोलून ४२० ग्रॅम गॅस. अंदाजाने नाही, "गार लागेपर्यंत" नाही.

जाळीत थर्मामीटर धरला तेव्हा बाहेर ४३ होते. काटा २० वरून १५, मग ११, आणि गाडी शेडबाहेर काढेपर्यंत ९ वर आला. दीड वाजला होता. आईने खिडकीची काच वर घेतली.

पुढच्या मे महिन्यात मी त्याच शेडमध्ये गेलो, एसी बिघडला म्हणून नाही, हिशोब बघायला. मिस्त्रींनी गॅस मशीनने काढून तोलला. ४०८ ग्रॅम भरले.